भट्टी पेटण्याआधी

(बदलापूर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर विज्ञान शिकवत. आकडा ऐकला की तो कशाचा, किती वेळाचा आणि कोणी मोजला हे विचारायचं, ही सवय त्यांनी मुलांना लावली, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजच्या विषयाला तीच सवय लागणार आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांत डम्पिंगला आग लागली, निवडणूक जवळ आली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: कचऱ्यापासून वीज करू. ऐकायला फार बरं वाटतं. घाण जाते आणि दिवे लागतात. पण किती कचरा, कसला कचरा, त्यातून किती वीज आणि ती किती रुपयांना, एवढे चार प्रश्न पुढे कोणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी साखर कारखान्यांच्या बॉयलरवर गेली. काय जळतं, काय जळत नाही आणि जळताना कुठे त्रास देतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

आधी आपला भूगोल. उल्हासनगर ८ ऑगस्ट १९४९ रोजी जन्माला आलं. लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले आणि गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या उपस्थितीत त्या वस्तीला नदीचं नाव मिळालं. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं ते शहर. २०११ च्या जनगणनेत तिथे पाच लाखांहून अधिक माणसं होती. एवढ्या दाटीत कचरा टाकायला जागा कुठून येणार? कॅम्प १ कडची राणा खदान भरली, मग कॅम्प ५ मधली खडी मशीनची जागा भरली, मग उसाटण्याच्या जागेचं नाव आलं. अंबरनाथमध्ये मोरिवली झालं, चिखलोली झालं, आणि चिखलोलीच्या आसपास नव्या इमारती उभ्या राहिल्यावर तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी हरित लवादापर्यंत गेल्या. बदलापूरचा कचरा वालिवलीला जातो, म्हणजे उल्हास नदीच्या काठच्या गावात. करवले गावाजवळ प्रादेशिक भरावभूमी करावी ही एमएमआरडीएची योजना किती वर्षं कागदावर आहे, हे इथल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. करवल्याच्या गावकऱ्यांनी विरोध केला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. दुसऱ्यांच्या घरातली घाण आपल्या शिवारात कोण घेईल?

आता वालिवलीत तिन्ही शहरांचा मिळून घनकचरा प्रकल्प उभा करायचा, त्यावर सुमारे दीडशे कोटी रुपये खर्च करायचे, अशी योजना पुढे आली आहे. तिन्ही पालिकांनी एकत्र यावं हे मला मान्य आहे. एकेकट्या पालिकेला चांगली यंत्रं आणि चांगली माणसं परवडत नाहीत. पण एकत्र आलेला कचरा ओला-सुका मिसळूनच येणार असेल, तर तीन डम्पिंगांचं एक मोठं डम्पिंग होईल. आणि मग त्यावर उपाय म्हणून भट्टीचं नाव पुन्हा घेतलं जाईल.

भट्टी जन्मली कशी, तेही सांगतो, कारण करवल्याशी त्याचं नातं आहे. कचरा जाळण्याची पहिली मोठी भट्टी १८७४ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पेटली. युरोपच्या मुख्य भूमीवर तिला खरी गती दिली ती हॅम्बुर्गने. १८९२ मध्ये त्या शहरात पटकी आली आणि हजारो माणसं दगावली. तोवर शहराचा कचरा आजूबाजूचे शेतकरी खत म्हणून नेत. साथ आल्यावर त्यांनी तो घ्यायला साफ नकार दिला. शहराला दुसरा मार्गच उरला नाही, आणि १८९६ च्या सुमारास तिथली भट्टी सुरू झाली. म्हणजे भट्टी बांधली गेली ती गावांनी कचरा नाकारला म्हणून. विजेचा विचार तिला नंतर चिकटला. हा क्रम आपण लक्षात ठेवला पाहिजे. कचऱ्याची भट्टी हे मुळात विल्हेवाटीचं यंत्र आहे. तिच्यातून निघणारी वीज त्या विल्हेवाटीचा खर्च थोडा हलका करते, एवढंच.

आपल्या देशातली पहिली मोठी भट्टी दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली उभी राहिली. डेन्मार्कच्या व्होलुंड कंपनीचं तंत्र, रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. ती जेमतेम एकवीस दिवस चालली आणि थांबली. यंत्रात खोट नव्हती. आखणी करणाऱ्यांनी एका किलो कचऱ्यात १,४६२ किलोकॅलरी उष्णता धरली होती, आणि दिल्लीच्या घराघरांतून आलेल्या कचऱ्यात ती निघाली ६०० ते ७००. भट्टी पेटती ठेवायला बाहेरून इंधन ओतावं लागलं. जो कचरा इंधन म्हणून आणला होता तोच इंधन मागू लागला.

हे का झालं ते समजायला आपल्या स्वयंपाकघरातली बादली बघितली तरी पुरे. भाजीचे देठ, फळांची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात, माशांचा कचरा. आपल्या कचऱ्याचा निम्मा भाग हा असतो आणि त्यात बहुतेक पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता टर्बाइनपर्यंत पोहोचत नाही, धुराड्यातून वाफेबरोबर निघून जाते. ओली लाकडं चुलीत घातल्यावर डोळ्यांतून पाणी येतं आणि भाकरी कच्ची राहते, तसंच हे आहे. त्यात रस्ता झाडल्यावर येणारी माती, बांधकामाचा राडारोडा. कागद, पुठ्ठा, चांगलं प्लास्टिक आणि पत्रा कचरावेचक आणि भंगारवाले आधीच काढून नेतात. म्हणजे कचऱ्यात जळण्यासारखं जे जे असतं ते आधीच बाजाराकडे जातं. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या ढिगावर जो पाऊस पडतो, तो बदलापूरकरांना मी सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या दरम्यान पुरात अडकली होती. त्या पावसात भिजलेला कचरा पेटवून बघा.

इथे कोणी म्हणेल, की उसाच्या चिपाडातसुद्धा पन्नास टक्के पाणी असतं, आणि साखर कारखाने त्यावर वीज करून विकतात. खरं आहे. माझा जन्म त्यातच गेला. ओल्या चिपाडात किलोला सुमारे २,२५० किलोकॅलरी असतात. पण चिपाड सगळं एकाच जातीचं असतं. त्यात माती नसते, काच नसते, जुनी बॅटरी नसते, पीव्हीसीची वायर नसते. ते सकाळी जसं येतं तसंच संध्याकाळी येतं. बॉयलरवरच्या माणसाला तेवढंच हवं असतं: रोज तेच जळण. कारखान्याचा बॉयलर ५०० अंशांच्या वर वाफ तापवू शकतो. कचऱ्याच्या भट्टीत ते करता येत नाही. प्लास्टिकमधला क्लोरिन नळ्या खातो, म्हणून वाफ ४०० अंशांच्या आसपासच ठेवावी लागते. वाफ थंड, म्हणून वीज कमी. उष्णतेतली वीस-बावीस टक्के वीज हाती आली तरी यंत्र चांगलं चाललं म्हणायचं.

आता हिशेब. हा माझा अंदाज आहे आणि तो मी उघड मांडतो, म्हणजे तुम्हाला खोडता येईल. जनगणनेनुसार २०११ मध्ये आपल्या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या पुढे होती. आज ती बरीच वाढली आहे, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून दहा लाख धरू. माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा. म्हणजे रोज ४०० टन. त्यातला निम्मा, २०० टन, ओला. उरलेल्यातून माती-राडारोडा काढा, भंगारात विकलं जाणारं काढा. ज्याचं काहीच होत नाही असं कोरडं जळण उरेल ८० टनांच्या आसपास: फाटक्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, चपला, उल्हासनगरच्या कपड्यांच्या धंद्यातल्या चिंध्या. या कोरड्या जळणात किलोला २,५०० किलोकॅलरी धरल्या आणि वीस टक्के कार्यक्षमता धरली, तर टनाला सुमारे ५८० युनिट होतात. दिवसाला ४६ हजार युनिट. म्हणजे दोन मेगावॅटचा छोटा प्रकल्प.

महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला दिवसाला सव्वातीन युनिट लागतात. तेव्हा ही वीज १४ हजार घरांना पुरेल. दहा लाख माणसांची घरं अडीच लाख. अठरा घरांमागे एका घरात दिवा. हे लहान काम आहे असं मी म्हणत नाही. पण 'कचऱ्यापासून वीज' या वाक्याने डोळ्यांपुढे जे शहर उभं राहतं, तेवढं मोठंही ते नाही.

आणि ओल्या २०० टनांचं काय? तो जाळायचाच नाही. तो बंद टाकीत हवेशिवाय कुजवला की गॅस निघतो. टनाला ८० घनमीटर धरला तर १६ हजार घनमीटर. त्यावर इंजिन चालवलं तर २७ हजार युनिटच्या जवळपास वीज होते, किंवा तोच गॅस शुद्ध करून गाड्यांत भरता येतो. खालची मळी शेताला जाते. म्हणजे जे भट्टीचं सगळ्यात मोठं ओझं, तेच वेगळं काढलं तर भट्टीच्या निम्म्याहून जास्त वीज देतं, आणि त्याला धुराडं लागत नाही. हे तंत्र परदेशातून आणावं लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण नावाचा संच विकसित केला आणि तो माथेरानलाही बसवला गेला. तिथून उतरलेलं पाणी आपल्याच खोऱ्यात येतं. नाशिकमध्ये जर्मनीच्या सहकार्याने शौचालयांचा मैला आणि हॉटेलांतला ओला कचरा एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प सुरू झाला.

विजेच्या दराबद्दल दोन शब्द. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५-१६ सालासाठी घनकचरा जाळून केलेल्या विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे ठरवला होता. त्याच्या पुढच्या काळात सौर विजेचे लिलाव अडीच-तीन रुपयांपर्यंत उतरले. २०१६ च्या वीजदर धोरणाने वितरण कंपन्यांना कचऱ्याची वीज पूर्ण विकत घेणं बंधनकारक केलं, म्हणून ती विकली जाते. वीज म्हणून बाजारात उभी राहण्याची तिची ताकद नाही. जे नगरसेवक या प्रकल्पातून पालिकेला उत्पन्न मिळेल असं सांगतात, त्यांना हा दर दाखवा.

पुणे जिल्ह्यातली दोन उदाहरणं आपल्याला जवळची आहेत. रामटेकडीला ७०० टन कचऱ्यापासून दहा मेगावॅट वीज करण्याचा गाजावाजा झाला होता. कचऱ्याचा आधी वायू करायचा आणि मग तो जाळायचा, असं ते तंत्र होतं. सांगितलेली वीज त्यातून निघालीच नाही. याच्या उलट पिंपरी-चिंचवडच्या मोशीला १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते प्रकल्प सुरू झाला. ७०० टन, १४ मेगावॅट. मोशीला वर्गीकरणाची यंत्रणा आहे आणि त्यातून निवडलेलं कोरडं जळण भट्टीत जातं. पालिका ती वीज आपल्याच पाणी आणि मैला शुद्धीकरण केंद्रांसाठी घेते. माझं स्पष्ट मत असं की मोशीला जाऊन भट्टी बघण्यापेक्षा भट्टीच्या आधीचे पट्टे आणि चाळण्या बघाव्यात. आपल्या लोकप्रतिनिधींचे अभ्यासदौरे धुराड्यापाशी फोटो काढून परत येतात. चाळणीपाशी उभं राहून काय पडतंय हे बघणारा अधिकारी मला हवा आहे.

कोपनहेगनच्या भट्टीचं चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिलं असेल. छपरावर स्कीइंगसाठी केलेला कृत्रिम उतार, त्यावरून घसरणारी माणसं. तिथे ती भट्टी शहराला मुख्यतः उष्णता देते. थंडीत घरं तापवायचं गरम पाणी नळांतून घरोघरी जातं, म्हणून उष्णतेचा मोठा भाग कामी येतो. आपल्याला घर तापवायचं नाही, घाम पुसायचा आहे. ती उरलेली उष्णता आपल्याकडे हवेतच जाणार. डेन्मार्कचं यंत्र आणता येईल, डेन्मार्कचा हिवाळा आणता येणार नाही.

आता धुराकडे येतो. हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, आणि इथे दोन्ही बाजूंना न्याय द्यायला हवा. आज वालिवलीत किंवा खडी मशीनला उन्हाळ्यात जो ढीग धुमसतो, तो जगातल्या कुठल्याही भट्टीपेक्षा वाईट आहे. कमी तापमानाला, कमी हवेत, प्लास्टिक अर्धवट जळतं. त्यातून डायॉक्सिनं ही अत्यंत विषारी रसायनं निघतात. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आणि पाच हजार ते पंचवीस हजार रुपये दंड ठेवला, तरी गल्लीच्या टोकाला सकाळी पाला-पिशव्या पेटतातच. तेव्हा नीट चालवलेल्या भट्टीला केवळ भट्टी म्हणून विरोध करणाऱ्यांत मी नाही.

पण 'नीट चालवलेली' म्हणजे काय? आत ८५० अंशांच्या वर तापमान आणि वायू त्यात किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, तेव्हा डायॉक्सिनं मोडतात. बाहेर पडताना वायू ४०० ते २५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला तर ती पुन्हा तयार होतात. म्हणून तो झपाट्याने गार करायचा, त्यात चुन्याची आणि सक्रिय कोळशाची भुकटी मारायची आणि कापडी गाळण्यांतून धूळ पकडायची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम ठेवली. युरोपातही तेवढीच आहे. धुळीची मर्यादा मात्र आपल्याकडे ५० मिलिग्रॅम, त्यांच्याकडे १०. धूळ, गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि आम्ल यांचं मोजमाप यंत्र सतत करू शकतं. डायॉक्सिनचं तसं होत नाही. त्याचा नमुना अधूनमधून घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. नमुना घ्यायच्या दिवशी भट्टी चांगलीच चालवली जाणार, हे कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजतं. ओला कचरा येऊन भट्टी थंड पडली, ती बंद-चालू झाली, ते दिवस खरे मोजण्याचे.

दिल्लीत ओखल्याची भट्टी २०१२ पासून भरवस्तीत चालू आहे. सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं खटला चालवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये हरित लवादाने तिला चालू राहू दिलं, पण पर्यावरणाच्या हानीपोटी २५ लाख रुपये भरायला लावले. भरवस्तीत एकदा भट्टी बसली की ती हलत नाही, एवढं तरी त्यातून आपण घ्यावं.

आपल्या खोऱ्याला आणखी एक अडचण आहे. थंडीत पहाटे माथेरान-मलंगगडाच्या डोंगरांमध्ये गार हवा खाली बसते. महामुंबईत सगळ्यात कमी तापमान बदलापूरला नोंदलं गेलं ही बातमी आपण दर डिसेंबर-जानेवारीत कौतुकाने वाचतो. अशा पहाटे धूर वर जात नाही. खाली नदी. त्या नदीचं पाणी बदलापूरपासून कल्याण-डोंबिवली, ठाण्यापर्यंत लोक पितात.

आणि लक्ष ठेवणार कोण? हा प्रश्न मी वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांसमोर विचारतो आहे. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायरीशी वाहते, शके ९८२ च्या मंदिराच्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्रीच्या अंधारात तिच्यात टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना गुदमरून रुग्णालयात जावं लागलं. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०१५ मध्ये लवादाने पालिका, औद्योगिक महामंडळ आणि सांडपाणी केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भुर्दंड सुनावला. हे सगळं डोळ्यांना दिसणाऱ्या, नाकाला जाणवणाऱ्या पाण्याचं झालं. डायॉक्सिन दिसत नाही आणि त्याला वास नाही. ज्या यंत्रणेला फेसाळलेली नदी दिसली नाही, तिला धुराड्यातला अदृश्य कण दिसेल हे मी कशाच्या जोरावर मानू? म्हणून माझी मागणी आहे की भट्टी झालीच तर तिच्या दारावर तापमानाचा आणि वायूंचा फलक हवा, त्याच नोंदी लोकांच्या मोबाइलवर मिळायला हव्यात, आणि डायॉक्सिनचा नमुना कधी घ्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत वालिवली, सोनिवली, मांजर्लीची माणसं हवीत.

राखेचा विषय थोडक्यात. मिश्र कचरा जाळला तर वजनाच्या वीस-पंचवीस टक्के राख उरते. त्यातली गाळण्यांत अडकलेली बारीक राख विषारी असते, तिच्यात जड धातू असतात, आणि ती तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात न्यावी लागते. म्हणजे भट्टी आली तरी भरावभूमी लागणारच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बोललो ती. ओलं घरातच वेगळं झालं तर भट्टी छोटी पुरते आणि स्वच्छ चालते. ओलं मिसळून आलं तर जगातली सगळ्यात महाग भट्टीसुद्धा तिमारपूर होते. हे आपल्याकडे जमत नाही असं मला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. वेंगुर्ल्याला जमलं. तिथले तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करायला लावले. ओल्यातून गॅस, गॅसवर वीज, आणि त्या विजेवर तिथलीच यंत्रं चालली. डम्पिंगची जागा लोक सहलीला येऊन बघू लागले. कोणी म्हणेल, वेंगुर्ला छोटं गाव. तेच कोकरे पुढे आपल्याच खोऱ्यात कर्जतला आले, माथेरानला गेले, आणि मग कल्याण-डोंबिवली महापालिकेत आले. कल्याण काही छोटं गाव नाही. ज्या आधारवाडीच्या डम्पिंगमुळे उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये त्या शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली होती, तिथे २०२०-२१ मध्ये वर्गीकरणाची सक्ती झाली आणि कचरा टाकणं थांबलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, कल्याणकर माझी चूक लगेच काढतील. पण लोकलने पंधरा-वीस मिनिटांवरच्या शहरात जे झालं ते अशक्य आहे असं तरी कोणी सांगू नये.

घरात लोक वेगळं करतात आणि घंटागाडीत एकत्र होतं, ही तक्रार मी रोज ऐकतो आणि ती खरी आहे. गृहिणीने दोन बादल्या ठेवायच्या आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच हौद्यात रिकाम्या व्हायच्या. अशाने कोणाचाही उत्साह संपेल. दोष घरांचा नाही. जोवर गाडीचे दोन कप्पे खरोखर दोन ठिकाणी जात नाहीत, तोवर लोकांना उपदेश करण्याचा हक्क पालिकेला नाही.

कचरावेचकांचं नाव या सगळ्यात कुठेच येत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुण्यात २००८ पासून स्वच्छ या सहकारी संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि त्यातलं विकण्यासारखं विकतात. आपल्याकडे ढिगावर वाकलेल्या बाया आणि मुलं तेच काम करतात, फक्त हातमोजे आणि ओळखपत्राशिवाय. भट्टीच्या कंत्राटदाराला जे जळण हवं, त्यातलं प्लास्टिक आणि पुठ्ठा त्यांची रोजी आहे. प्रकल्पाच्या कागदात त्यांना वर्गीकरणाचं काम पगारासह लिहून दिलं पाहिजे. आधी भट्टी आणि मग बघू, असं चालणार नाही.

कंत्राटाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण पुढची पंचवीस वर्षं त्यात अडकतात. अशा करारांत पालिकेने रोज ठरावीक टन कचरा देण्याची हमी द्यायची आणि कमी पडला तर भरपाई द्यायची, असं कलम घातलं जातं. समजा, सगळा मिश्र कचरा गृहीत धरून मोठी भट्टी बांधली. उद्या लोकांनी ओलं घरी कुजवायला सुरुवात केली, भंगार जास्त विकलं, तर भट्टी उपाशी राहील आणि दंड पालिका भरेल. शहर सुधारलं म्हणून शहराला दंड! भट्टीचा आकार उरलेल्या ८० टनांवर ठरवा, ४०० टनांवर नको. माझा ८० चा आकडा चुकीचा असेल तर तिन्ही पालिकांनी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कचरा प्रत्यक्ष वजन करून, ओलावा मोजून खरा आकडा जाहीर करावा. निविदा त्यानंतर. ८० टन भट्टीला कमी वाटत असेल तर त्याचे गठ्ठे करून सिमेंट कारखान्यांना द्यायचा मार्गही आहे, फक्त ते चंद्रपूरकडे आहेत आणि वाहतूक महाग पडते.

सुरुवात कुठून? रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं. बदलापूर आणि अंबरनाथच्या नव्या मोठ्या संकुलांना, मंगल कार्यालयांना, हॉटेलांना ते लागू झालं. उल्हासनगरच्या आणि बदलापूरच्या भाजी-मासळी बाजारांचा कचरा तर मुळातच वेगळा असतो, तो घंटागाडीत मिसळायचं काहीच कारण नाही. पहिला गॅसचा संच बाजारापाशी बसावा.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी माझं बोलणं झालं आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आपण बदलापूर पश्चिमेच्या भाजी बाजारात जमायचं, तिथल्या एका दिवसाच्या कचऱ्याचं वजन करायचं आणि त्यातला थोडा उन्हात वाळवून ओलावा काढायचा. ताणकाटा मी आणतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाताना दारातल्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मंडळींनी आपापल्या बाजाराची तारीख आजच ठरवून घ्यावी.